ध्वनीचा वेग : १६३ फुटांची चूक

नदीच्या पलीकडच्या तीरावर धोबी कपडे आपटीत असतो आणि आपण अलीकडे उभे राहून पाहत असतों. कपडा दगडावर पडलेला डोळ्यांना दिसतो. पण त्याचा आवाज कानीं येतो तेव्हां धोब्याचे हात पुन्हां डोक्यावर गेलेले असतात. लहानपणीं ही मौज आपणांपैकीं बहुतेकांनीं पाहिली असेल, आणि वीज चमकल्यावर गडगडाट होईपर्यंत आंकडेही मोजले असतील. डोळ्यांचा निरोप तत्काळ येतो, कानांचा निरोप वाटेंत वेळ घालवितो, एवढें ह्यावरून मुलालाही कळतें. परंतु हा वेळ नेमका किती, आणि तो तितकाच कां, कमी किंवा अधिक कां नाहीं, ह्या दोन प्रश्नांचीं उत्तरें मिळविण्यास मनुष्याला फार श्रम पडले. पहिल्या प्रश्नाचें उत्तर तोफा आणि लंबक यांच्या साहाय्यानें शंभरएक वर्षांत मिळालें. दुसऱ्याचें उत्तर खुद्द न्यूटननें दिलें, आणि तें चुकलें. तें चुकलें आहे हें लवकरच सर्वांना दिसूं लागलें. कां चुकलें हें कळण्यास मात्र सव्वाशें वर्षें लागलीं. त्या चुकीची हकीकत आज सांगावयाची आहे.

ध्वनि म्हणजे काय ह्याचा विचार आपल्याकडे फार प्राचीन काळापासून झालेला आहे. नैयायिकांनीं शब्द हा आकाशाचा गुण मानिला, आणि एका ठिकाणीं उत्पन्न झालेला शब्द दूरच्या कानापर्यंत कसा पोंचतो हें समजावून देण्यासाठीं वीचीतरंगन्याय आणि कदंबमुकुलन्याय असे दोन दृष्टांत योजिले. तळ्यांत खडा टाकला असतां एका लाटेपासून दुसरी, दुसरीपासून तिसरी अशीं वर्तुळें पसरत जातात, तसा एका शब्दापासून दुसरा शब्द उत्पन्न होत जातो, हा पहिला दृष्टांत. कदंबाच्या गोल कळीवर सर्व अंगांनीं एकदम केसर फुटतात, तसा शब्द दाही दिशांना पसरतो, हा दुसरा. मीमांसकांना शब्द नित्य ठरवावयाचा होता. तो उत्पन्न होत नाहीं, केवळ प्रगट होतो, आणि त्याला प्रगट करण्याचें काम मुखांतून निघालेला वायु करितो, असें त्यांचें म्हणणें. म्हणजे एका पक्षाच्या हातीं तरंग होता आणि दुसऱ्याच्या हातीं वायु होता. परंतु त्यांचा वाद शब्दाच्या नित्यत्वाविषयीं आणि वेदांच्या प्रामाण्याविषयीं होता. शब्द एका निमिषांत किती हात जातो हें मोजण्याचें त्या वादांत प्रयोजनच नव्हतें.

युरोपांतही ध्वनि हवेंतून येतो हें मत जुनें होतें, पण तें सिद्ध करण्याचें साधन सतराव्या शतकापर्यंत नव्हतें. रोम येथील किर्शर नांवाच्या विद्वान् पाद्र्यानें निर्वात म्हणून समजल्या जाणाऱ्या पोकळींत घंटा वाजविलेली ऐकूं येते असें लिहून ठेविलें, आणि ध्वनीला हवा लागत नाहीं असा पक्ष त्यावरून उभा राहिला. पुढें इंग्लंडांत रॉबर्ट बॉइल ह्यानें हूकच्या हातून एक उत्तम वाताकर्षक यंत्र करवून घेतलें, आणि त्याच्या कांचेच्या भांड्यांत एक खिशांतलें घड्याळ दोऱ्यानें टांगून हवा काढण्यास आरंभ केला. हवा जसजशी विरळ होत गेली तसतशी टिकटिक मंद होत गेली आणि शेवटीं ऐकूं येईनाशी झाली. हवा आंत सोडतांच ती परत ऐकूं येऊं लागली. हा प्रयोग १६६० सालीं प्रसिद्ध झाला. किर्शरची चूक दोऱ्याएवढीच होती. त्याची घंटा घट्ट आधारावर बसविलेली होती, आणि हवा नसली तरी त्या आधारांतून कंप बाहेर येत होता. बॉइलचें घड्याळ मऊ दोऱ्यावर लोंबत होतें.

ह्याच बॉइलनें १६६२ सालीं हवेच्या दाबाचा तो प्रसिद्ध नियम मांडला. हवेचें आकारमान निम्मे केलें कीं तिचा दाब दुप्पट होतो. घनता ज्या प्रमाणांत वाढते त्याच प्रमाणांत दाब वाढतो. हवा ही एक कमान आहे, दाबली कीं उलट ढकलते, हें त्यानें मोजून दाखविलें. हा नियम खरा आहे. परंतु आपल्या गोष्टींतील सगळा घोटाळा ह्या खऱ्या नियमांतूनच निघाला, म्हणून तो ध्यानांत ठेवावा.

आतां वेग मोजण्याकडे वळूं. मर्सेन आणि गासेंदी ह्या दोन फ्रेंच पंडितांनीं १६३० नंतरच्या दशकांत बंदुकीचा व तोफेचा प्रकाश पाहून आवाज येईपर्यंतचा काळ मोजला. त्यांचे आंकडे आजच्या मानानें फारच मोठे आले. पण गासेंदीनें एक गोष्ट निर्विवाद ठरविली. तोफेचा धीरगंभीर आवाज आणि बंदुकीचा तीक्ष्ण आवाज दोन्ही सारख्याच वेगानें येतात. तोंवर उंच स्वर जलद जातो आणि खर्ज मागें रेंगाळतो अशी समजूत होती. ती खरी असती तर दूरच्या देवळांतली सनई ऐकणाऱ्याला राग ओळखतांच आला नसता, कारण वरच्या सप्तकांतले स्वर खालच्यांच्या पुढें धांवून सगळी बंदिश विसकटली असती. १६६० च्या सुमारास फ्लॉरेन्स येथील विद्वानांनीं अधिक काळजीपूर्वक मोजून ध्वनीचा वेग सेकंदास साडेअकराशें फुटांच्या आसपास आणला. म्हणजे आंकडा हळूहळू स्थिरावत होता. उणीव होती ती कारणाची.

तें कारण देण्याचें काम न्यूटननें आपल्या अंगावर घेतलें. १६८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'प्रिन्सिपिया' ग्रंथाच्या दुसऱ्या खंडांत ध्वनीचें गणित आहे. त्याच्या विचाराची सरणी अशी. तबल्याच्या पुडीवर थाप पडली कीं पुडी कंप पावूं लागते. ती वर येते तेव्हां लगतच्या हवेचा थर दाटतो, म्हणजे त्याची घनता वाढते. घनता वाढली म्हणून दाब वाढतो. आणि तो वाढलेला दाब पुढच्या थराला ढकलतो. पुढचा थर दाटतो, तो त्याच्या पुढच्याला ढकलतो. इतक्यांत पुडी खालीं गेलेली असते आणि तिच्यालगतचा थर विरळ झालेला असतो. मग ती विरळताही त्याच वाटेनें पुढें सरकते. अशी दाटी आणि विरळता यांची एक मालिका हवेंतून चालत राहते. हवा स्वतः कोठें जात नाहीं. प्रत्येक कण आपल्या जागेवर किंचित् मागेंपुढें होतो. शेतांतील उभ्या पिकावरून वाऱ्याची लाट धांवते, पण कोणतेंही ताट आपलें मूळ सोडीत नाहीं, तसाच हा प्रकार आहे. जेथें दाटी असेल तेथें दाब अधिक आणि जेथें विरळता असेल तेथें दाब कमी, आणि दोन्ही बरोबर चालतात.

हे फेरफार किती सूक्ष्म असतात ह्याची कल्पना येण्यासाठीं एक उदाहरण देतों. दोन मनुष्यें शेजारीं बसून साधें बोलत असतां हवेचा दाब मूळ दाबाच्या सुमारें वीस लक्षांश भागानें वरखालीं होतो. आपण आपलें डोकें तांदळाच्या एका दाण्याच्या लांबीइतकें वर उचललें तर वातावरणाचा दाब जेवढा कमी होईल तेवढाच हा फरक असतो. आणि निरोगी कानाला ऐकूं येणारा अगदीं सूक्ष्म आवाज घेतला तर तेथें हा फरक पांचशें कोटींपैकीं एका भागाएवढा असतो. ह्यावर आपलें सारें बोलणें, गाणें आणि भांडण चाललेलें आहे.

ही लाट किती वेगानें धांवेल? न्यूटननें दाखविलें कीं हें दोनच गोष्टींवर अवलंबून आहे : हवा दाबली असतां किती जोरानें उलट ढकलते ही एक, आणि ती किती जड आहे ही दुसरी. ढकलण्याचा जोर मोठा असेल तर वेग अधिक. जडपणा मोठा असेल तर वेग कमी. दाब वाढण्याचें प्रमाण त्यानें बॉइलच्या नियमावरून घेतलें, आणि हिशेब करावयाचा एक सुंदर मार्ग काढला. पारा पाण्याच्या १३⅔ पट जड आणि पाणी हवेच्या ८७० पट जड असें धरा. वायुभारमापकांत ३० इंच पारा वातावरणाला तोलून धरतो. तेव्हां वातावरण वरपर्यंत एकसारखें दाट असतें तर त्याची उंची २९,७२५ फूट भरली असती. ह्या उंचीच्या निम्म्यावरून दगड खालीं सोडला तर जमिनीला टेकतांना त्याला जो वेग येईल, तोच ध्वनीचा वेग. हा वेग सेकंदास ९७९ फूट येतो. पहिल्या आवृत्तींत त्यानें हवेचा जडपणा थोडा निराळा धरला होता आणि उत्तर ९६८ फूट आलें होतें.

तराजूनें तोललेला पारा, पाणी आणि हवा. खालीं पडणारा दगड. आणि ह्या सर्वांवरून एकदांही तोफ न उडवितां काढलेला ध्वनीचा वेग! असें गणित तोंवर जगांत कोणीं केलें नव्हतें. न्यूटननें तें केंब्रिजमधील आपल्या ट्रिनिटी कॉलेजच्या लांब ओवरींत ताडूनही पाहिलें. ओवरीच्या एका टोंकाला आवाज करून दुसऱ्या टोंकाहून येणारा प्रतिध्वनि आणि लहानमोठ्या लंबकांचे झोके त्यानें जुळवून पाहिले. त्या ठोकळ मापांत ध्वनीचा वेग नऊशें ते अकराशें फुटांच्या दरम्यान पडला. ९६८ त्यांत बसत होता, आणि त्याचें समाधान झालें.

पण ठोकळ मापें फार दिवस टिकलीं नाहींत. इंग्लंडांत एसेक्स परगण्यांतील अपमिन्स्टर गांवीं विल्यम डेरहॅम नांवाचा एक धर्मोपदेशक होता. आपल्या देवळाच्या मनोऱ्यावर अर्ध्या सेकंदाचा लंबक घेऊन तो बसे, आणि थेम्स नदीपलीकडे बारातेरा मैलांवर ब्लॅकहीथ येथें सुटणाऱ्या तोफांची ज्वाला पाहून आवाजाची वाट पाही. एवढ्या अंतरावरून आवाज येण्यास जवळजवळ एक मिनिट लागे, त्यामुळें अर्ध्या सेकंदाची चूक झाली तरी तिची मातबरी नव्हती. वारा अनुकूल असला तर आवाज लवकर येतो आणि प्रतिकूल असला तर उशिरानें, हेंही त्यानें नोंदविलें. १७०८ च्या सुमारास त्यानें आपला निर्णय प्रसिद्ध केला : सेकंदास १,१४२ फूट.

गणित म्हणे ९७९. मनोरा म्हणे १,१४२. फरक १६३ फुटांचा, म्हणजे न्यूटनच्या आंकड्याचा बरोबर एक षष्ठांश. ही चूक लंबकाच्या माथीं मारण्यासारखी नव्हती.

१७१३ सालीं 'प्रिन्सिपिया'ची दुसरी आवृत्ति निघाली तेव्हां न्यूटन सत्तर वर्षांचा होता. त्यानें डेरहॅमचा आंकडा स्वीकारला आणि आपल्या गणिताला दोन ठिगळें लाविलीं. पहिलें असें कीं, हवेचे घट्ट कण कांहीं जागा व्यापतात आणि त्या कणांच्या आंतून ध्वनि तत्काळ पार होतो, त्याला काळ लागत नाहीं. म्हणून वेगांत सुमारें एक नवमांश भर घालावी, कीं १,०८८ फूट होतात. दुसरें असें कीं, हवेंत पाण्याची वाफ मिसळलेली असते आणि ती ध्वनीच्या कंपांत भाग घेत नाहीं. दहा भाग शुद्ध हवेला एक भाग वाफ धरली तर वेग २० चा २१ होतो. आतां १,०८८ ला ह्या प्रमाणांत वाढवून पाहा : १,१४२. डेरहॅमचा आंकडा शेवटच्या फुटापर्यंत जुळला!

हें जुळणें पाहून आपल्याला आनंद होण्याऐवजीं शंका यावी. कण किती जागा व्यापतात हें कोणीं मोजलेलें नव्हतें. वाफेचें प्रमाण दहास एक कां, आठास एक कां नाहीं, ह्यालाही आधार नव्हता. डेरहॅमची तोफ कधीं उन्हाळ्यांत तर कधीं हिवाळ्यांत, कधीं कोरड्या तर कधीं दमट हवेंत वाजलेली. तरी वाफ नेमकी तेवढीच धरली कीं जेवढी उत्तराला हवी होती. शाळेंतला मुलगा पुस्तकाच्या शेवटीं छापलेलें उत्तर पाहून मधल्या पायऱ्या भरतो, त्याला आपण काय म्हणतों? येथें तेंच काम ज्या हातानें झालें तो हात ग्रहांच्या कक्षा उलगडणारा होता. म्हणूनच तें अधिक खटकतें. मात्र एक गोष्ट न्यूटनच्या बाजूनें सांगितली पाहिजे. त्यानें आपला मूळ ९७९ हा आंकडा लपविला नाहीं. ठिगळ कोठें लावलें आहे तें वाचणाऱ्याला स्वच्छ दिसत होतें, आणि १७२६ च्या तिसऱ्या आवृत्तींतही तें तसेंच दिसत राहिलें. पुढच्या पिढ्यांना उसवण्यासाठीं शिवण उघडी होती.

पुढच्या पिढ्यांनीं आधीं मापें पक्कीं केलीं. १७३८ सालीं पॅरिसच्या विज्ञानपरिषदेनें मोंमार्त्र आणि मोंलेरी येथील टेंकड्यांच्या दरम्यान रात्रीच्या वेळीं तोफांचे प्रयोग करविले. १७४० सालीं इटलींत ब्यांकोनी ह्यानें उन्हाळ्यांत आवाज जलद जातो आणि हिवाळ्यांत मंद जातो हें दाखविलें. त्याच काळांत ला कोंदामीन हा फ्रेंच प्रवासी दक्षिण अमेरिकेंत होता. त्यानें नऊ हजार फुटांहून उंच वसलेल्या कीतो शहरीं आणि पुढें समुद्रकांठच्या कायेन येथें वेग मोजला; उष्ण कायेन येथें तो स्पष्टपणें अधिक भरला. उंचीवर हवेचा दाब कमी असतो खरा, पण तेथें ती त्याच प्रमाणांत विरळही असते. ढकलण्याचा जोर कमी झाला तसा ढकलावयाचा बोजाही कमी झाला. त्यामुळें केवळ दाबानें वेग बदलत नाहीं. बदलतो तो उष्णमानानें. इतका भाग न्यूटनच्या सूत्राशीं उत्तम जुळत होता. फक्त तो एक षष्ठांश कोठें गेला तें कळत नव्हतें.

ऑयलरनें त्यावर डोकें चालविलें. त्याला वाटलें कीं लाटा अतिसूक्ष्म आहेत असें धरून गणित केलें येथें कांहीं चुकलें असावें. तरुण लाग्रांजनें १७५९ नंतरच्या आपल्या निबंधांत न्यूटनची सगळी सिद्धता नव्यानें तपासली आणि गणितांत दोष नाहीं असें ठरविलें. हवेचा दाब घनतेच्या प्रमाणापेक्षां थोडा अधिक वेगानें वाढतो असें धरलें तर उत्तर जुळतें, हेंही त्याला दिसलें. पण तसें धरणें म्हणजे बॉइलचा नियम मोडणें. आणि तो नियम तर असंख्य वेळां प्रयोगानें सिद्ध झालेला. दारापर्यंत येऊन तो परत फिरला.

दार उघडलें लाप्लासनें. सायकलच्या चाकांत पंपानें हवा भरणाऱ्या कोणालाही ठाऊक असतें कीं दहापांच दट्टे जोरानें मारले कीं पंपाचें तोंड हाताला ऊन लागतें. हवा एकाएकीं दाबली तर ती तापते. एकाएकीं सैल सोडली तर ती निवते. अठराव्या शतकाच्या अखेरीस ह्या गोष्टीकडे शास्त्रज्ञांचें लक्ष गेलें होतें. फ्रान्समधील लिओं शहरीं तर हवेच्या पंपाच्या झटक्यानें त्यांतील चिंधी पेटलेली दिसली, आणि १८०३ च्या सुमारास ही गोष्ट मोले नांवाच्या प्राध्यापकानें प्रसिद्ध केली. लाप्लासच्या मनांत विचार आला कीं, ध्वनीच्या लाटेंत हवा दाटते तेव्हां तीही तापत असली पाहिजे. बॉइलनें आपल्या वांकड्या नळींत पारा ओतून हवा दाबली ती सावकाश. जी उष्णता उत्पन्न झाली ती कांचेंतून निघून जाण्यास भरपूर अवधि मिळाला, आणि त्यानें मोजलें तेव्हां हवा मूळच्याच उष्णमानावर आलेली होती. पण ध्वनीची दाटी आणि विरळता सेकंदास शेंकडों वेळां बदलते, आणि तापलेल्या भागापासून निवलेला भाग फुटा-दोनफुटांच्या अंतरावर असतो. हवा ही उष्णतेची वाईट वाहक. एवढ्या काळांत एवढें अंतर ओलांडून उष्णता जाणार कशी? ती जेथें उत्पन्न झाली तेथेंच कोंडून राहते. म्हणजे बॉइलचा नियम खोटा नव्हता. त्याला जेथें अधिकार नव्हता तेथें त्याला नेऊन बसविलें होतें.

येथें एक शंका सहज येते. दाटीच्या ठिकाणीं हवा तापते, विरळतेच्या ठिकाणीं तितकीच निवते. मग जमाखर्च सारखाच झाला, वेग कां वाढावा? उत्तर असें आहे कीं, तापलेली दाटी बॉइलच्या नियमापेक्षां अधिक जोरानें ढकलते, आणि निवलेल्या विरळतेंत दाब त्या नियमापेक्षां अधिक खालीं जातो, म्हणून शेजारची हवा तिच्याकडे अधिक जोरानें धांवते. दोन्हीकडून कमान ताठच होते. हिशेबांत ह्या दोन गोष्टी एकमेकींना खोडीत नाहींत, एकमेकींना साहाय्य करितात. हवेची घनता शेंकडा १ वाढली तर दाब शेंकडा १ न वाढतां शेंकडा १.४ वाढतो.

लाप्लासच्या सूचनेवरून बीओ ह्या तरुण शास्त्रज्ञानें १८०२ सालीं ह्या विचाराला गणिताचें रूप दिलें. १८१६ सालीं लाप्लासनें स्वतः एका छोट्या निबंधांत सूत्र सांगितलें : न्यूटननें काढलेल्या वेगाला एका संख्येच्या वर्गमूळानें गुणावें, ती संख्या म्हणजे हवेच्या दोन विशिष्ट उष्णतांचें गुणोत्तर. हवा फैलावूं देऊन एक अंश तापविण्यास जितकी उष्णता लागते ती एक, आणि बंद भांड्यांत कोंडून तापविण्यास लागते ती दुसरी. ह्यांत ध्वनीचा कोठें संबंधच दिसत नाहीं! आणि खरी मौज तीच आहे. १८१९ सालीं क्लेमां आणि देसोर्म ह्या दोघांनीं आपला जो प्रयोग प्रसिद्ध केला त्यांत एक मोठा कांचेचा फुगा होता. त्यांतली थोडी हवा काढून टाकावयाची, तोटी क्षणभर उघडून बंद करावयाची, आणि आंतला दाब पुढें कसा बदलतो तें पाहावयाचें. ह्या मुक्या प्रयोगावरून तें गुणोत्तर सुमारें १.३५ निघालें, पुढें गे-ल्युसाक आणि वेल्टर यांनीं तें १.३७ पर्यंत आणलें. ह्या आंकड्यावरून लाप्लासनें ध्वनीचा वेग काढला तो सेकंदास ३३७ मीटर आला. इकडे १८२२ च्या जून महिन्यांत पॅरिसजवळ विल्झ्वीफ आणि मोंलेरी यांच्या दरम्यान आरागो, प्रोनी, गे-ल्युसाक, हुंबोल्ट प्रभृति मंडळींनीं रात्रीं तोफा उडवून वेग मोजला. तो जवळजवळ ३४१ मीटर भरला. एक षष्ठांशाची दरी शंभरांत एकावर आली. आज तें गुणोत्तर १.४० मानतात आणि ती उरलेली फटही बुजली आहे. ह्यासाठीं घट्ट कण लागले नाहींत, निष्क्रिय वाफही लागली नाहीं.

ह्याच वर्षांत हिंदुस्थानांतही एक माप चाललें होतें, त्याचा उल्लेख आपल्याकडे सहसा होत नाहीं. मद्रासच्या वेधशाळेंत जॉन गोल्डिंगहॅम हा ज्योतिषी होता. सेंट जॉर्जच्या किल्ल्यावर आणि पांचसाडेपांच मैलांवरील सेंट थॉमसच्या टेंकडीवर रोज सकाळसंध्याकाळ तोफा होत. त्या त्याच्यासाठीं उडविलेल्या नव्हत्या, पण त्यानें त्यांचा उपयोग करून घेतला. १८२० आणि १८२१ ह्या सालांत महिन्यांमागून महिने त्यानें ज्वाला आणि आवाज यांमधलें अंतर नोंदविलें, आणि प्रत्येक वेळीं उष्णमान, वायुभार, दमटपणा व वारा यांचीही टिपणें ठेविलीं. त्याचा लेख १८२३ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें छापला. थंडीच्या महिन्यांत वेग कमी आणि उन्हाच्या दिवसांत अधिक, हें त्याच्या कोष्टकांत डोळ्यांनीं पाहतां येतें. उष्णमान एका सेंटिग्रेड अंशानें चढलें कीं ध्वनीचा वेग सुमारें दोन फुटांनीं वाढतो. आपल्याकडील कडक दुपारीं कोकिळेचा स्वर पहाटेपेक्षां किंचित् लवकर कानीं येतो तो ह्यामुळें.

लाप्लासच्या यशाची आणखी एक बाजू आहे. उष्णता हा एक सूक्ष्म, अदृश्य द्रव आहे आणि हवा दाबली कीं तो तिच्यांतून पिळून बाहेर येतो, असें तो मानीत असे. हें मत पुढें टिकलें नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मेयर आणि ज्यूल यांनीं उष्णता ही शक्तीचें एक रूप आहे असें दाखविलें, आणि तो द्रव शास्त्रांतून हद्दपार झाला. सूत्र मात्र राहिलें. न्यूटनची सरणी खरी होती आणि उत्तर चुकलें. लाप्लासची कल्पना चुकीची होती आणि उत्तर बरोबर आलें. सत्य शोधणाऱ्याच्या डोक्यांत पूर्ण सत्य असावेंच लागतें असें नाहीं. पण मोजलेल्या आंकड्याशीं त्याची निष्ठा असावी लागते.

ह्या सूत्राची एक अचाट परीक्षा निसर्गानेंच घेतली. २७ ऑगस्ट १८८३ रोजीं सुमात्रा आणि जावा यांच्या मधील क्राकाटोआ बेटाचा ज्वालामुखी फुटला. हिंदी महासागरांतील रॉड्रिग्ज बेट तेथून सुमारें तीन हजार मैलांवर आहे. तेथें सुमारें चार तासांनीं तोफांसारखे आवाज ऐकूं आले. आपण कागद घेऊन हिशेब करून पाहा. तीन हजार मैलांस चार तास, म्हणजे सेकंदास ११०० फूट. न्यूटनच्या ९७९ फुटांच्या हिशेबानें हाच आवाज आणखी अर्ध्या तासानें पोंचला असता. आणि जो कानाला ऐकूं आला नाहीं असा त्या स्फोटाचा दाबाचा धक्का पृथ्वीभोंवतीं अनेक फेऱ्या घालीत राहिला; जगांतल्या ठिकठिकाणच्या वायुभारमापकांनीं त्याचें येणें आणि जाणें टिपून ठेविलें आहे.

इतका मोठा धक्का सोडून आपण पुन्हां आपल्या घरांतील बोलण्याकडे येऊं. मघां सांगितलेल्या साध्या संभाषणांत हवेचें उष्णमान किती चढतें-उतरतें? एका अंशाचे एक लक्ष भाग करावे आणि त्यांतले चार घ्यावे, एवढें. कोणताही घरगुती उष्णतामापक तें सात जन्मांत दाखवूं शकणार नाहीं. तरीसुद्धां सेकंदामागें दीडएकशें फूट ह्या एवढ्याशा उष्णतेच्या पदरीं पडतात. कारण दाबाचा फेरफारही तितकाच सूक्ष्म असतो, आणि प्रश्न दोघांच्या आकाराचा नसून प्रमाणाचा असतो. ही उष्णता कोणाच्या हाताला लागली नाहीं, कोणाच्या यंत्रांत दिसली नाहीं. ती सांपडली ती हिशेबांतल्या तुटीवरून. घरांतल्या वहींत रोज तेवढीच तूट येऊं लागली तर शहाणा मनुष्य दोन आणे 'किरकोळ' म्हणून लिहून मोकळा होत नाहीं. पैसा कोठें जातो तें शोधतो. न्यूटननें त्या वेळीं 'किरकोळ' म्हणून लिहिलें. लाप्लासनें ती तूट शोधून काढली, आणि तिच्या जागीं हवेचा एक अज्ञात गुण हातीं आला.

आपण हें भाषण ऐकत आहां तेंही ह्याच वाटेनें. माझा आवाज विद्युल्लहरींवर बसून शेंकडों मैल निमिषाच्याही अल्पांशांत ओलांडतो; पण आपल्या यंत्रापासून आपल्या कानापर्यंतचें शेवटचें सातआठ फुटांचें अंतर त्याला हवेच्या दाटी-विरळतेवरूनच चालावें लागतें. त्या सातआठ फुटांत हवा किंचित् तापते, किंचित् निवते, आणि शब्द अंमळ लवकर पोंचतो.